चाव्यांच्या टेबलावरचा बुद्ध

गालिच्यात चार खळगे उरलेत. गॅरेजच्या दाराजवळ, भिंतीला लागून. बाकी सगळं घर रिकामं झालं. काल दिवसभर माणसं येऊन सोफे, पलंग, खोकी आणि माझी खुर्चीसुद्धा उचलून ट्रकमध्ये घालत होती. खळगे मात्र ट्रकमध्ये जात नाहीत. राहुलला विचारलं, घर का विकलं रे? तर तो म्हणाला, "आई, मार्केट." सुनेला विचारलं, व्हर्जिनियाला काहून जायचं? ती म्हणाली, "आई, जॉब." एकेका शब्दावर माणसं अख्खी गृहस्थी हलवतात. मी पुढे विचारलं नाही. पहिल्यांदा दोन हजार दोनला आले तेव्हाही मी पाहुणीच होते, आणि आता दोन हजार आठला आले ती बांधाबांध बघायला.

खळग्यांवर एक टेबल होतं. उंच, अरुंद, पायांना कोरीव वेल. त्यावर काचेचं मोठं भांडं, येता-जाता गाडीच्या चाव्या टाकायला. आणि भांड्याच्या मागे बुद्ध.

वीतभर उंचीचा, पितळेचा. माझ्या यजमानांनी बोधगयेहून आणलेला. मी इकडे यायला निघाले तेव्हा पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून पर्समध्ये घातला होता. विमानतळावरच्या यंत्रात तो दिसला आणि तिथल्या गोऱ्या बाईनं लुगड्याचे सगळे पदर उलगडायला लावले. शेवटी बुद्ध हातात धरून ती म्हणाली, "नाइस." मी मान डोलावली. मला तेव्हा एवढंच इंग्रजी सुचत होतं, आणि तेही मानेचं.

राहुलच्या बाबांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. गेले म्हणजे कसे, तर सकाळचा चहाचा कप बशीत ठेवला, आणि गेले. आवाज फक्त बशीचा झाला. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला नसतो, तसं त्यानंतर माझं झालं. लोक भेटायला यायचे, रडायचे. मी त्यांना चहा करून द्यायची आणि साखर बरोबर पडायची. शाळेतली मास्तरकी संपायला एक वर्ष उरलं होतं, ते सोडून दिलं. राहुल म्हणाला, "चल माझ्याकडे." मी चलले. कुणी म्हटलं असतं की विहिरीत चल, तर तिथेही पर्स घेऊन चलले असते.

राहुलच्या या गावाचा, प्लेनोचा, तो हिवाळा मला नाकानं आठवतो. सकाळी फिरायला निघालं की घराघरांच्या भिंतीतल्या जाळ्यांमधून कपडे वाळवणाऱ्या यंत्रांची गरम वाफ यायची. तिला गोड वास असायचा. कुठल्याच फुलाचा नाही, तरी फुलांचा. कापलेल्या गवताचा वास. गॅरेजमधला रबराचा आणि पुठ्ठ्याचा वास. संध्याकाळी मोठ्या दुकानांच्या आवारात काळे, लांब शेपटीचे पक्षी तारांवर हजारोंनी बसायचे आणि गंजलेल्या बिजागऱ्यांसारखे कुरकुरायचे. महिन्यातून एका बुधवारी भर दुपारी वादळाचा भोंगा वाजवून बघायचे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं गिरणी सुटली, आता माझे वडील येतील. मी चहाचं आधण ठेवलं. आधण उकळून आटलं तेव्हा लक्षात आलं की कुठली गिरणी आणि कुठले वडील.

आल्या-आल्या पहिल्या रविवारी मी बुद्धापुढे अगरबत्ती लावली. छताला चिकटलेलं पांढरं यंत्र असं काही बोंबलायला लागलं की शेजारचा गोरा हातातला पाइप सोडून धावत आला. राहुल स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालतोय, सून खिडक्या उघडतेय, आणि मी त्रिशरण मध्येच थांबवून उभी. त्यानंतर अगरबत्ती बंद झाली. मग बुद्ध माझ्या खोलीतून बाहेर आला. राहुल म्हणाला, "आई, इथे टेबलावर छान दिसतो नं. सगळे ठेवतात."

खरंच सगळे ठेवत. अमेरिकेत बुद्ध बागेत, कारंज्यात, मेणबत्त्यांच्या मध्ये, कुठेही बसतो. त्यामुळे आमच्या घरातला बुद्ध पाहून कुणाला कसलाच संशय यायचा नाही. तो लपवायलासुद्धा लागत नव्हता. नुसता पुढे फूल ठेवायचं नाही, एवढंच.

आम्ही छप्पन सालचे बौद्ध, नागपूरचे. एवढं सांगितलं की मराठी माणसाला आमची सगळी पत्रिका कळते, आणि राहुलला तेच नको होतं. आडनाव गावावरून पडलेलं, ते काही सांगत नाही. नाव राहुल; हजारो राहुल आहेत. सुनेचं नाव संघमित्रा, तिला इथे सगळे मित्रा म्हणतात. नात इशा. "आई, कुणी विचारलं तर विषय बदलायचा," राहुलनं मला विमानतळावरून घरी येतानाच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, बरं. मी तेव्हा प्रत्येकच गोष्टीला बरं म्हणायची.

विषय बदलायला अक्कल लागते. ती माझ्याकडे नव्हती.

दिवाळीच्या आधी मराठी मंडळातली दहा-बारा माणसं फराळाच्या ठरवाठरवीला आली. त्यात एक डॉक्टरबाई होत्या. तीस वर्षांपूर्वी आलेल्या, आता निवृत्त, खणखणीत आवाजाच्या, मला पहिल्या क्षणापासून आवडलेल्या. त्यांनी चाव्या भांड्यात टाकल्या आणि म्हणाल्या, "अय्या, किती गोड बुद्धा! कुठून घेतला गं मित्रा?"

मित्रानं राहुलकडे पाहिलं. राहुलनं छताकडे पाहिलं. आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, मध्ये तोंड घातलं. "सेलमध्ये."

"हो? कुठल्या दुकानात?"

"ते नाही का, हायवेवरचं."

तोवर अमेरिकेतल्या एकाही दुकानात मी पाय ठेवला नव्हता. सत्तावन्न वर्षांची बाई, एकतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलेली, आणि सेल म्हणे! मला आजही त्या बाईचा हात धरून तिला वर्गाबाहेर उभं करावंसं वाटतं.

डॉक्टरबाईंनी तो शोधून काढलाच. हायवेवरच्या कुठल्याशा दुकानात त्यांना तसाच एक मिळाला. महिन्याभरानं त्यांच्या घरी चहाला गेले आणि हात धुवायला आत गेले, तर तिथे संडासाच्या टाकीवर बुद्ध. डाव्या बाजूला गुलाबी मेणबत्ती, उजव्या बाजूला साबणाच्या वड्या, डोक्यामागे गुंडाळलेले टॉवेल. डोळे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू. मी हात धुतले. पुसले. बाहेर आले. चहात आलं होतं, छान झाला होता.

आमची मैत्री मात्र खरी होती. रोज सकाळी त्या मला घ्यायला यायच्या आणि आम्ही वसाहतीच्या तळ्याभोवती चार फेऱ्या मारायचो. तळ्यात बदकं, काठावर हंसांसारखे मोठे करडे पक्षी, त्यांची घाण चुकवत चालायचं. त्या मला "राहुलच्या आई" म्हणायच्या. बऱ्याच वेळा त्याच बोलायच्या आणि मला ते बरं वाटायचं. त्यांच्या बोलण्याच्या आडोशाला गप्प राहता यायचं. तिसऱ्या की चौथ्या सकाळी त्यांनी विचारलं, "राहुलच्या आई, तुमचं कुलदैवत कोणतं हो?"

असा प्रश्न या देशात दुसरं कुणी विचारणार नाही. मी चालत राहिले. विषय बदल, विषय बदल, असं मनात म्हणत राहिले. बदक बघा म्हणावं, थंडी किती म्हणावं. तोंडातून निघालं, "माहूरची देवी."

"काय सांगता! आमचंही माहूरच!" असं म्हणून त्यांनी माझा हातच धरला.

झालं. मंडळाच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला, देवीच्या आरतीचं ताट माझ्या हातात. माहूरच्या म्हणून मला पुढे उभं केलेलं. पहिल्या ओळीनंतर मला काही येईना. मी नुसते ओठ हलवत राहिले आणि शेवटच्या अक्षराला जोरात साथ देत गेले. वर्गात पाढे न येणारी पोरं हेच करतात. एकतीस वर्षं मी त्यांना पकडत आले.

माहूर कुठून आलं ते मला माहीत आहे. छप्पन सालच्या त्या दसऱ्याला मी अकरा वर्षांची होते. मैदानात जिकडे बघावं तिकडे पांढरं. लुगडी पांढरी, सदरे पांढरे, आणि वर उडणारी धूळही उन्हात पांढरीच. मला फार काही कळलं नाही. कुणाच्या तरी घामेजलेल्या पाठीला नाक लागलं होतं तेवढं आठवतं, आणि हजारो माणसं एकदम बोलतात तेव्हा पायाखालची जमीन कशी गुणगुणते ते. घरी आल्यावर वडिलांनी देव्हाऱ्यातले देव परडीत घातले आणि नदीला सोडून आले.  पण माहूरच्या देवीचा चांदीचा टाक आईनं आधीच उचलून ज्वारीच्या कोठीत खोल पुरला होता. मी पाहिलं होतं.

आता ही पोट्टी काय करते बघा. खोटं बोलणार नाही असं तीन दिवसांपूर्वी हात जोडून म्हणून आलेली. नवी-नवी बौद्ध, अंगात नुसता धम्म संचारलेला. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. जाऊन वडिलांना सांगितलं, "आईनं लपवलाय." वर पुन्हा कोठीकडे बोट दाखवून उभी राहिली. कौतुक व्हायची वाट बघत.

 आईनं स्वतःच कोठीत कोपरापर्यंत हात घातला. ज्वारी सळसळली. टाक बाहेर काढून तिनं पदरानं पुसला, विहिरीवर गेली, टाकला. परत येऊन भाकरी थापायला बसली. त्या दिवशीच्या भाकरी नेहमीसारख्याच फुगल्या. तव्यावरच्या धुराचा वास, तिच्या मनगटाला चिकटलेला ज्वारीचा भुसा. माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलली. ते मला फार दिवस पुरलं.

आईनं बुद्धापासून देवी लपवली, आणि मी देवीच्या मागे बुद्ध लपवला. आमच्या घराण्यात लपवायची कामं बायकांकडे असावीत.

पण वंदना मी सोडली नव्हती. सकाळी सगळे निघायच्या आधी मी त्या टेबलापाशी उभी राहायची आणि भांड्यातल्या चाव्या चाळवत मनातल्या मनात म्हणायची. कुणी आलं तर चाव्या शोधतेय असं वाटावं. मला गाडी चालवता येत नव्हती, चालवायची नव्हती. मी चाव्या कशाला शोधीन? एवढा साधा विचार त्या बाईच्या डोक्यात आला नाही. चाव्यांचा तो किणकिण आवाज हीच माझी घंटा. सकाळी भांडं रिकामं व्हायचं, संध्याकाळी भरायचं.

मार्चच्या सुरुवातीला इशा शाळेतून एक कागद घेऊन आली. तेव्हा ती अकराची, सहावीत. दातांना तारा, केसांना निळा पट्टा. स्वयंपाकघरात टीव्ही चालू होता आणि त्यावर वाळवंटात रणगाडे रांगेत उभे असलेले दाखवत होते. युद्ध व्हायचं होतं, पण अजून झालं नव्हतं. इशानं कागद माझ्यापुढे सरकवला. "आजी, चिठ्ठ्या काढल्या टीचरनं. मला बुद्धिझम आला. ओरिजिन्स अँड बेसिक बिलीफ्स. बोअरिंग! डू यू नो एनीथिंग अबाउट इट?"

मी वाटाणे सोलत होते. म्हटलं, "थोडं वाचलंय."

तीन आठवडे आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसायचो. चिकटपट्टीचा वास, मार्करचा डोकं दुखवणारा वास, आणि तीन पानी उभा पांढरा पुठ्ठा. तिच्या पुस्तकात लिहिलं होतं की राजपुत्र रथातून फिरायला गेला, त्यानं म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिलं, आणि घर सोडलं. मी म्हटलं, "तुझ्या पुस्तकात असेल. पण विचार कर, एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता?"

इशा हसली. "दॅट्स सो डंब. मग का गेला?"

"माझे वडील सांगायचे ते सांगते. एक नदी होती, रोहिणी. अलीकडे यांची शेतं, पलीकडे त्यांची. पाण्यावरून भांडण झालं. यांच्या सभेत ठरलं की लढाई करायची. सिद्धार्थ एकटा उठून म्हणाला, मी लढणार नाही. सभा म्हणाली, मग देश सोड. तो म्हणाला, सोडतो."

तिनं टीव्हीकडे पाहिलं. मग खाली बघून लिहायला लागली. "सो ही व्होटेड नो," ती म्हणाली.

"हो. एकट्यानं."

मग जंगलातली सहा वर्षं. उपाशी राहून राहून पोट पाठीला लागलं आणि हाती काही आलं नाही. मग सुजाता नावाच्या बाईनं खीर दिली, ती खाल्ली, आणि पिंपळाखाली बसला. "लाइक राइस पुडिंग?" "तसंच. फार उपाशी राहायचं नाही, फार खायचं नाही, मधून चालायचं." हे तिला पटलं. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते थांबतं, थांबवायला वाट आहे. ही चार सत्यं तिनं चार रंगांत लिहिली. वाटेचे आठ टप्पे मी बोटांवर मोजून सांगितले, सातव्याला अडकले, वाटाणे सोलता सोलता आठवला. पिंपळाचं पान लांब शेपटीचं असतं हे सांगितलं, तर तिनं हिरव्या कागदाची अकरा पानं कापली.

"पण गॉड कुठे लिहू?"

"देव नाही त्यात."

"नो गॉड? मग प्रे कुणाला करतात?"

"मागत नाहीत काही. नुसता नमस्कार करतात."

"तो ऐकतो?"

"नाही. तो माणूस होता, गेला."

"देन व्हाय से इट?"

"आपल्याला ऐकू यावं म्हणून."

ती पेन्सिल चावत माझ्याकडे बघत राहिली. पंचशील सांगताना मी नकळत चालीवर गेले असणार. जिवाला मारायचं नाही, दिलं नाही ते घ्यायचं नाही, वाकडं वागायचं नाही, खोटं बोलायचं नाही, नशा करायची नाही. ती म्हणाली, "आजी, तू हे वाचलेलं नाहीस. यू नो द ट्यून."

मी साली गोळा केल्या.

"आर वुई बुद्धिस्ट?"

आता पुढे बसली होती ती नात. वय अकरा. विचारलंही तिनंच. आणि कोपऱ्यात तोंड शिवून उभी कोण? तर छप्पन सालची ती सत्यवादी पोट्टी. म्हणाली काय, "बाबाला विचार."

इशानं जेवताना विचारलं. राहुलचा घास क्षणभर हातात राहिला. म्हणाला, "वी आर स्पिरिच्युअल, बेटा." मित्रानं सगळ्यांना पुन्हा भात वाढला. कुणाला नको होता.

पुठ्ठ्याच्या शेवटच्या चौकटीत, तो धर्म पाळणाऱ्या एका माणसाची मुलाखत लिहायची होती. ती चौकट तिनं शेवटपर्यंत कोरी ठेवली. रोज रात्रीच्या जेवणाआधी पुठ्ठा मिटून भिंतीला लावायची तेव्हा माझ्याकडे एकदा बघायची. मी चाव्या चाळवायची.

शाळेत दाखवायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. व्यायामशाळेत टेबलं मांडलेली, जमिनीला मेणाचा वास, कुठेतरी मक्याच्या लाह्या. वीसेक टेबलांवर जगातले सगळे धर्म, आणि त्यांच्या मागे दातांना तारा लावलेली पोरं. इशानं केस नीट विंचरले होते. डॉक्टरबाईंचा नातू त्याच वर्गात, म्हणून त्याही होत्या. आमच्या टेबलाशी येऊन त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मागे दोन-तीन मंडळातली माणसंही थांबली. मी चौकटीकडे पाहिलं. तिथे आता तिच्या अक्षरात एकच शब्द होता, इंटरनेट.

"वा गं इशा! केवढं छान केलंस!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजीनं मदत केली असणार, हो नं?"

इशानं माझ्याकडे पाहिलं. मी अंगावरची शाल नीट केली.

"नो, डॉक्टर आजी," ती म्हणाली. "इंटरनेटवरून केलं."

"हल्ली सगळं त्यावरच मिळतं," त्या मला म्हणाल्या.

"हो नं," मी म्हटलं.

घरी येताना मी गाडीत मागे बसले. मला काही वाटलं नाही. मी वाट बघत होते की काहीतरी वाटेल. सिग्नल गेले, पूल गेला, दुकानांच्या तारांवरचे पक्षी गेले, घर आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या दुसऱ्या फेरीत मी म्हटलं, "डॉक्टरबाई, माहूरची देवी आमची नाही."

"मग कोणती?"

"कोणतीच नाही. आम्ही बौद्ध. छप्पन सालचे."

त्या दहा-बारा पावलं चालल्या. बुटांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "अहो, मग काय झालं? आम्ही असलं काही मानत नाही." आणखी थोडं चालून म्हणाल्या, "वारा किती गार आहे आज."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा गुडघा दुखायला लागला. फोनवर त्यांनी स्वतः सांगितलं, आणि मी शेक घ्यायला सांगितलं. मी नागपूरला परत जाईपर्यंत तो गुडघा काही बरा झाला नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठानं त्या दुसऱ्या एका बाईबरोबर फिरताना दिसायच्या, चांगल्या झपझप. म्हणजे दुखणं अलीकडच्याच काठाचं होतं.

मंडळाचे फोन कमी झाले. राहुल एकदाच बोलला. "आई, काय गरज होती?" मी म्हटलं, "होती." त्यानं भांड्यातून चाव्या उचलल्या आणि ऑफिसला गेला. इशाला मी बोलावून सांगितलं, "मी डॉक्टर आजीला सांगितलं. आपण बौद्ध आहोत." ती म्हणाली, "ओके." आणि पुस्तकात डोकं घातलं.

मी मात्र स्वतःवर बेहद्द खूश. उन्हाळ्यात नागपूरला गेले. वैशाख पौर्णिमा होऊन गेली होती, पण पुढच्या वर्षीच्या पौर्णिमेला विहारात, खिरीच्या पातेल्याभोवती, मी बायांना ही गोष्ट सांगितली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पुन्हा त्याच्या पुढच्या वर्षी. बाया तोंडाला पदर लावून ऐकायच्या. "अवं बाई, तोंडावर सांगितलं?" "मग? तोंडावर." दर वर्षी तळ्याकाठी माणसं वाढत गेली. पहिल्या वर्षी आम्ही दोघीच होतो. चौथ्या वर्षी तिथे अख्खं मंडळ उभं होतं आणि मी मधोमध पांढऱ्या लुगड्यात.

आज घर रिकामं झाल्यावर राहुल आणि मित्रा सहीसाठी कुठल्याशा ऑफिसात गेले. मला रात्रीपुरतं हॉटेलवर सोडायचं काम इशाकडे आलं. ती आता सोळाची. नुकतंच लायसन्स मिळालंय. दातांच्या तारा गेल्या, निळा पट्टा गेला, आणि मराठीही बरीचशी गेली. दोन्ही हात चाकावर घट्ट धरून ती चालवते. तळ्यावरून गाडी गेली. पाणी खाली गेलंय, काठाला चिखलाचा वास, काचा बंद असूनही आला.

मी म्हटलं, "इथेच मी डॉक्टर आजीला सांगितलं होतं, आठवतं?"

"आय नो," ती म्हणाली. "तू दर वेळी फोनवर सांगतेस."

सिग्नलला गाडी थांबली. समोरचा लाल दिवा तिच्या गालावर पडला होता. ती रस्त्याकडेच बघत होती.

"देअर वॉज नोबडी देअर, आजी. जस्ट यू अँड हर अँड द डक्स."

मी मांडीवरची पर्स सरळ केली.

"आय वॉज ॲट द टेबल. आय वॉज इलेव्हन." मग थांबून, शब्द शोधून, मराठीत म्हणाली, "मी तुझ्याकडे बघितलं होतं."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. तिनं गाडी काढली.

"माझं चुकलं," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं, आणि म्हणताना ते कुठेतरी आत अडकलं, बरगडीच्या खाली, नेमकं. मी खिडकीला डोकं टेकलं. घशातून काहीतरी आवाज निघाला, माझ्या ओळखीचा नव्हता.

"आजी? काय झालं? आर यू हर्ट?"

"हो."

"कुठे? व्हेअर? थांबवू का गाडी?"

"नको," मी म्हटलं. "चालव तू. लागू दे."